निकानोरनं वाट बघितली

"सोड हात, दादा! सोड म्हंतो तर सोड!"

एलिसेओचा कोयता वर उचललेला, आणि त्याच्या मनगटाला थोरल्या भावाचा, निकानोरचा हात. मी खालच्या वावरात घेवड्याच्या वाळल्या शेंगा तोडत होते. फेब्रुवारीचा कोरडा वारा सुटला होता. पांढरी माती उडून दातांखाली करकरत होती. त्या धुरळ्यातनं मान वर केली, तर उतारावरच्या घायपाताच्या ओळीत दोघं भाऊ असे उभे.

"कच्चं हाय ते," निकानोर म्हणाला. शेजारणीकडं चिमूटभर मीठ मागावं तसा आवाज. "अजून दोन पावसाळे पायजेत त्याला."

"दोन पावसाळे! खाली शहरातला ट्रक उभा हाय. कच्चं बगत न्हाईत, पिकलं बगत न्हाईत, मुळासकट उचलत्यात. आज हायेत, उद्या दुसऱ्या गावाला जातील. मंग बसू आपुन काटे कुरवाळत!"

"कच्च्या गड्ड्यात गोडी नसती, धाकल्या."

"त्यांची दारू कडू झाली तर त्यांची झाली! आपल्या बापाचं काय जातंय?"

"आदी समोर बग."

आमच्या समोरच्या डोंगरावर क्रुसापर्यंत जाणारी एक पांढरी पायवाट आहे. निकानोरनं भावाला लावून दिलेली सवय होती ती. राग आला, हुक्की आली, की त्या वाटेनं डोळ्यांनी वर चढायचं, एकही वळण सोडायचं नाही, आणि क्रूस लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एलिसेओ बघत राहिला. मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली. ओठ दातांत. हळूहळू कोयता खाली आला.

"पोचलास?"

"पोचलो."

"आता काय म्हंतोस?"

"ऱ्हाऊ दे. थांबू." आणि मग खाली मला बघून ओरडला, "कोमाद्रे, हसू नगंस! आज तुझा कोम्पाद्रे मानसात आला!"

त्याच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर धरलं, तेव्हापासून मी त्याची कोमाद्रे आणि तो माझा कोम्पाद्रे. ते रक्ताचं नातं नव्हे, पण आमच्या वाहाकाच्या डोंगरात ते रक्ताहून कमी धरत नाहीत. दोन्ही भावांची घरं माझ्या घराच्या दोन अंगांना. कुणाचीही चूल पेटू दे, धूर माझ्याच दारात. त्यामुळं मी सांगते आहे ते ऐकीव नाही.

एलिसेओ म्हणजे डोक्यात आलं की हात पुढं गेलाच. बाजारातनं नवी हॅट घेऊन निघाला आणि वाटेत एका आंधळ्या व्हायोलिनवाल्याच्या डोक्यावर ठेवून आला. मग उन्हानं दोन दिवस ओकत पडला. एका लग्नात बँड आवडला म्हणून वाजवणाऱ्यांच्याच गाडीत चढून गेला, आणि त्याची बायको ओतिलिया पोर काखेला मारून गावोगाव हुडकत फिरली. भांडणात पहिला ठोसा त्याचा, आणि रडून गळ्यात पडणाराही पहिला तोच. बायकोवर, पोरीवर हात मात्र त्यानं कधी उचलला नाही. नुसता आरडाओरडा. ओतिलियाही काही कमी नव्हती. ती त्याच्या वरच्या पट्टीत ओरडायची.

आणि एक सांगते. माझी धाकटी ओढ्याच्या लोंढ्यात गेली, तेव्हा काठावर अर्धा गाव "दोर आणा, दोर आणा" करत उभा होता. एलिसेओला पोहता येत नव्हतं. तो उडी टाकून मोकळा. पोर बाहेर कशी आणली ते त्यालाही सांगता यायचं नाही. निकानोरही होता तिथं. दोर आणायला तोच गेला होता. शहाण्या माणसानं करावं तेच त्यानं केलं, मी नाव ठेवत नाही. पण तो दोर घेऊन आला तोवर पोरगी माझ्या मांडीवर पाणी ओकत होती.

निकानोरची तऱ्हाच वेगळी. सणाला आम्हा पोरांना गुळाचा एकेक खडा मिळायचा. एलिसेओचा खडा हातात पडायच्या आधी तोंडात. निकानोर आपला खडा भिंतीतल्या भोकात ठेवायचा आणि पुढं महिनाभर रोज काढून थोडा थोडा चाटायचा. एकटा बसून नव्हे हां. धाकट्याला पुढ्यात बसवून. एलिसेओ लाळ गाळत बघायचा आणि शेवटी भोकाड पसरायचा. मोठी माणसं म्हणायची, निकानोर बघा कसा, पोरगं नाव काढणार. मोठेपणी तो घायपाताचे गड्डे भाजून त्यांची दारू, मेस्काल, गाळायला लागला, पण घोट जिभेवर फिरवून थुंकून टाकायचा. विंचू चावला, तरी हातातली ओळ पुरी करून मग डोंगर उतरला. गावात कुणाची कोंबडी चोरीला गेली तरी लोक न्यायाला त्याच्याकडं जायचे.

त्यांचा बाप, ताता सेवेरो (म्हाताऱ्या माणसाला आम्ही ताताच म्हणतो), म्हातारपणी अंथरुणाला खिळला. त्याच्या आधी थोडेच दिवस एलिसेओ एका सकाळी चप्पल शिवून आणतो म्हणून खाली सडकेला गेला होता. तिथं उत्तरेकडं, सरहद्दीच्या वाटेची गाडी उभी होती. ओळखीचं कुणी तरी म्हणालं, चल. हा चढला. ओतिलियाला निरोप आला तो सरहद्दीपलीकडनं. तो तिकडं टोमॅटो तोडत होता आणि इकडं निकानोर बापाला भरवत होता, धूत होता, पुसत होता. एलिसेओ परत आला तेव्हा कबरीवरची फुलंसुद्धा वाळून गेली होती.

तो तीन दिवस कबरीपाशी कुत्र्यासारखा पडून राहिला. मग उठला आणि भावाच्या बरोबरीनं बापाच्या उतारावर घायपाताची रोपं लावायला लागला. ओतिलियानं त्याला सरळ सांगितलं, "पुन्यांदा असा गेलास तर परत येशील तवा घरात चूल नसंल, एलिसेओ. मी पोरगी घिऊन आईकडं जाईन."

तेव्हा तो निकानोरच्या भट्टीवर जाऊन बसला. काय बोलणं झालं ते त्यानं मला आणि ओतिलियाला पुढं कितीदा तरी सांगितलं, त्यामुळं मला पाठ आहे.

"दादा, माझा मला भरवसा न्हाई. तू मला आवर."

"आवरतो. पन कशानं भडकतोस ते सांग आदी. दुखतं कुठं ते कळल्याबिगर दवा कशी लावायची?"

एलिसेओनं सगळं सांगितलं. कुणी भेकड म्हटलं की काय होतं, बायकोकडं कुणी बघितलं की काय होतं. आणि शेवटी म्हणाला, "पन हे सगळं सोसंल. एकच सोसत न्हाई. कुनी म्हनलं, की म्हातारा तुझी वाट बगत मेला, तर मला फुडचं दिसत न्हाई, दादा. आंधळा होतो मी."

निकानोर काठीनं निखारे सारखे करत होता. म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

त्यानंतर किती तरी वर्षं निकानोरनं भावाला आवरलं. खोटं कशाला बोलू, छान आवरलं. दुकानात, लग्नात, गावसभेत तो एलिसेओच्या शेजारी बसायचा आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. एलिसेओ पेटायला लागला, की नुसता हात दाबायचा. एलिसेओ लोकांना कौतुकानं सांगायचा, "माझं डोस्कं माझ्या धडावर न्हाई, दादाच्या हाताखाली हाय." ओतिलियानं गावदेवीला मेणबत्त्या लावल्या. माणूस खरंच सुधारला. त्या फेब्रुवारीत ट्रक दाराशी असताना तो थांबला, तेव्हा तर गावानं तोंडात बोट घातलं.

दोन पावसाळे झाले. उतारावरचा घायपात असा फुगला, की पात्यांतनं वाट काढताना पोटऱ्या सोलून निघायच्या. मधनं दांडे वर यायला लागले. त्यांनी ते वेळेवर छाटले, म्हणजे सगळी गोडी गड्ड्यात उतरते. आता जमिनीचं काय ते ठरवणं भाग होतं. आमच्याकडं जमीन गावाची. कुणी कसायची, ते गावसभा ठरवते. बापाचा उतार सभेनं दोघांत अर्धा अर्धा करून द्यावा असं मागायचं भावाभावांत ठरलं होतं. एलिसेओ मला म्हणाला, "आता फकस्त मान हालवायची, कोमाद्रे. पाच मिंटांचं काम."

सभा रविवारी, शाळेच्या पडवीत. मी आणि ओतिलिया बायकांच्या बाजूला बसलो. पहिल्यांदा ओतिलियाच्याच ध्यानात आलं.

"कोमाद्रे, निकानोरदादा तिकडं का बसलाय?"

तो पडवीच्या पलीकडच्या टोकाला बसला होता. एलिसेओच्या शेजारची जागा रिकामी. एलिसेओनं हातानं खुणावलं, इकडं ये. निकानोरनं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

ताता मेलितोन त्या वर्षी सभेचा प्रमुख होता. सरळ म्हातारा, जरा ऐकायला कमी. तो म्हणाला, "सेवेरोचा उतार. दोन लेकं. अर्धा अर्धा मागत्यात. निकानोर, तू थोरला. तुला काय बोलायचंय?"

निकानोर उठला. टोपी छातीशी धरली.

"ताता, मी काय बोलू? धाकला इथं नव्हता तवा. म्हातारा सारखा दाराकडं बगायचा. येतोय, म्हनून मी त्याला खोटं सांगायचो. शेवटच्या दिशी तो उठला, दाराकडं जायला म्हनून. पडला तो उठलाच न्हाई. वाट बगत गेला माझा बाप. एवढंच. बाकी सभा म्हनंल तसं."

मी एलिसेओकडं बघितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळा.

"गप!" तो ओरडला. "गप बस!"

"खरं तेच बोललो, धाकल्या," निकानोर म्हणाला.

बाक उलटलं. मधली माणसं बाजूला झाली. कुणी तरी त्याला धरायला गेलं, ते भिंतीवर जाऊन आपटलं. "घे! घे ती जिमीन! त्या म्हाताऱ्याची जिमीन तूच खा! मला नगं अर्धी, मला एक मूळ नगं त्यातलं! थुकतो मी तिच्यावर!"

"काय म्हनला?" ताता मेलितोननं कानाशी हात नेला. "नगं म्हनला?"

ओतिलिया उठून धावली, नवऱ्याचा सदरा धरून ओढायला लागली. "न्हाई, ताता, रागात बोलतोय तो! निकानोरदादा, सांग की! धर की त्याला! तुझं ऐकंल तो!"

निकानोर जमिनीकडं बघत उभा होता. टोपी छातीशी.

"एलिसेओ, सभेत बोललास," ताता मेलितोन म्हणाला. "मागं घेतोस का शब्द? पुन्यांदा इचारतो."

"घेत न्हाई!" आणि तो पडवी उतरून गेला.

सभेत बोललेलं मागं घेता येत नाही. त्या वेळेपुरतंच घेता येतं, आणि ती वेळ गेली होती. लोक उठता उठता म्हणत होते, काय करायचं अशा माणसाला. इतकी वर्षं भावानं सांभाळला, शेवटी स्वतःच स्वतःच्या पायावर कोयता घातला.

खरं सांगायचं तर एलिसेओचंही तेच म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी तो निकानोरच्या दारात गेला. मी अंगणात धान्य पाखडत होते.

"दादा, चुकलं माझं. सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो."

"जाऊ दे."

"तू लांब का बसलास पन? तुझा हात असता तर..."

"जागा मिळाली तितं बसलो."

"आता काय करता येतंय का?"

"सभेचा शब्द हाय, धाकल्या. माझ्या हातात काय ऱ्हायलंय?"

एलिसेओ मान खाली घालून परत आला. माझ्या कुंपणाशी थांबून म्हणाला, "बापावानी भाऊ हाय, कोमाद्रे. येवढं होऊन एक वावगा शब्द न्हाई बोलला."

मी पाखडत राहिले. त्या रिकाम्या जागेचं, आणि सभेतल्या त्या नेमक्या शब्दांचं, कोडं मला काही केल्या सुटेना, पण बोलायचं तर काय बोलणार?

मग आठवडाभरात ट्रक आला. शहरातल्या त्याच मेस्कालवाल्यांचा. दुकानापुढं थांबून त्यांचा माणूस उतार कुठला म्हणून विचारायला लागला. मी साबण घ्यायला गेले होते, एलिसेओ पायरीवर बसला होता. तो ट्रकवाला हसऱ्या तोंडाचा, गावाबाहेरचा साधा माणूस. त्याला कोण कुणाचा भाऊ ते काय ठाऊक.

"निकानोर साहेबांचा माल उचलायचाय," तो म्हणाला. "नाताळातच बोलणं झालंय आमचं. तेव्हाच न्यायला आलो होतो, पण म्हणाले थांबा, सभा होऊ दे, सगळा एकट्याच्या नावावर होणार आहे."

एलिसेओ उठला. "नाताळात? तवा तर अर्धा अर्धा ठरलंतं."

"ते मला नाही ठाऊक. म्हणाले, एक भाऊ आहे, पण तो त्या दिवशी आपणच उठून जाईल. बरोबर तसंच झालं म्हणे." आणि तो हसला. "मोठे धीराचे आहेत हो साहेब. आमचे मालक घाई करत होते, हे ढिम्म."

एलिसेओनं त्याला काहीसुद्धा केलं नाही. घरी गेला, खुंटीचा कोयता काढला आणि डोंगर चढायला लागला.

गावाला असलं कळायला वेळ लागत नाही. मी आणि ओतिलिया धावलो, तोवर मागं निम्मी आळी लागलेली. ओतिलिया चढता चढता रडत होती, "मारनार तो, कोमाद्रे, आज मारनार. पोरीचं काय करू मी?" ऊन असं, की दगडांतनं झळा येत होत्या. वर पोचलो तर दोघं समोरासमोर. पहारीनं गड्डे उपटणारे गडी लांब पळालेले. तासलेले पांढरे गड्डे ओळीनं पडलेले, आणि ओल्या पात्यांचा तो तुरट वास.

निकानोरनं हातातली पहार आधीच टाकून दिली होती. दोन्ही हात मोकळे सोडून उभा. तो भ्यालेला नव्हता. तेव्हा मला कळलं, की त्याला घाव चाललाच असता. एक घाव बसला असता तर एलिसेओ जन्माचा तुरुंगात, आणि गाव म्हणालं असतं, बघा, सांगत नव्हता का थोरला?

एलिसेओची छाती भात्यासारखी चालली होती. समोर क्रुसाची वाट होती, पण त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. भावाकडंच बघत होता.

"दादा, एवढं सांग. सभेत ते तुझ्या तोंडातनं निसटलं ना? निसटलं म्हन. तेवढं म्हन, मी मानीन."

निकानोर म्हणाला, "माझ्या तोंडातनं कवा काय निसटलंय?"

"कवापासनं? कवापासनं व्हतं तुझ्या मनात?"

"भट्टीपाशी सांगितलंस, त्या दिवसापासनं."

"मंग येवढी वर्सं मला आवरत व्हतास ते?"

"आवरायलाच पायजे व्हतं. आधीमधी उधळला असतास तर काय उपेग?"

ओतिलियानं तोंडावर हात मारून घेतला. मागनं कुणी तरी शिवी हासडली. एलिसेओनं कोयत्याची मूठ आवळली.

"मी तुला सांगितलं, दादा. बायकोलासुदिक आदी न्हवतं सांगितलं ते. तुला सांगितलं."

"आन् मी कुनाला सांगायचं?" निकानोर म्हणाला. आवाज अजून तोच, मीठ मागितल्यासारखा, पण गालफडाचं हाड हलत होतं. "तू गाडीत चढून गेलास, हुक्की आली म्हनून. मी त्याचं गूमूत काढलं. हुक्की मला येत नसंल व्हय? आन् तो माझ्या हातनं खाता खाता तुझं नाव घ्यायचा. शेवटी शेवटी तर वळखीनाच. मला म्हनायचा, एलिसेओ, आलास का लेकरा? मी म्हनायचो, व्हय बाबा, आलो. तुझ्या नावानं माझा मुका घेतला त्यानं आन् हसत गेला. माझ्या नावानं कवा घेतला न्हाई."

एलिसेओ एक पाऊल पुढं सरला.

एलिसेओ म्हणाला, "काय म्हनलास?"

आपण काय बोललो, ते निकानोरच्या ध्यानात आलं होतं.

"त्याला वाटलं मी आलोय? बाबाला? मंग तो दाराकडं गेला, पडला, ते?"

निकानोरची नजर इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठं ठेवावी ते कळेना अशी फिरत होती.

"तो पडला न्हाई," एलिसेओ म्हणाला. "तो माझी वाट बगत न्हाई मेला." पुन्हा म्हणाला, जणू दुसऱ्या कुणाला समजावून देत होता. "हसत गेला. मी आलोय म्हनून हसत गेला."

कोयता त्याच्या हातातनं गळून पडला. तो तिथंच तासलेल्या पात्यांवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. आम्ही सगळे उभे. मग ओतिलिया पुढं झाली, त्याचं डोकं पोटाशी धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून त्याला खाली आणला. निकानोर गड्ड्यांच्या ओळीत तसाच उभा राहिलेला मी वळून बघितला. बऱ्याच वेळानं गडी परत आले आणि ट्रक भरायला लागले.

रक्त बघायला आलेल्या गावाचा जरा हिरमोड झाला. दोनचार जण म्हणाले, एलिसेओत दम उरला नाही. ताता मेलितोननं निकानोरला बोलावून विचारलं, "खरं का रे हे?" तो म्हणाला, "सभेत मी कुनाला उठून जा म्हनलो का?" ते खरंच होतं. कायद्यानं त्याच्या अंगाला काही लागत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याला सभेचा कारभार दिला. धीराचा माणूस पाहिजेच ना गावाला.

गावानं एलिसेओला वरच्या अंगाचा एक खडकाळ तुकडा दिला, शेळीनंही तोंड फिरवावं असला. तो रोज जायचा, दगड वेचायचा, यायचा. पण माणूस निवला होता. दुकानात कुणी टोचलं तर नुसता बघायचा. घरातसुद्धा आवाज नाही. ताटात पडेल ते खायचा, पोरीनं काही फोडलं तरी काही बोलायचा नाही. ओतिलिया एकदा माझ्यापाशी येऊन बसली.

"कोमाद्रे, मी देवीपाशी हेच मागितलं व्हतं. घर गप असावं म्हनून. आता मला ह्या गपपनाचं भ्या वाटतंय. पावनं राहिल्यावानी राहतोय गं घरात."

मी म्हटलं, "जखम हाय. भरंल."

"भरती का सुकती, कुनास ठाऊक."

असं वर्ष गेलं. मग गावच्या सणाला, भर दुपारी, निकानोर एलिसेओच्या दारात आला. सणाला भावानं भावाच्या घरी जायचं ही रीत आहे, आणि कारभाऱ्यानं रीत मोडून कशी चालेल? हातात बाटली. त्या उतारावरचे थोडे गड्डे त्यानं स्वतःच्या भट्टीसाठी ठेवले होते, त्यातली. मी आत ओतिलियापाशी बसले होते. ती तव्यावर मक्याची भाकरी टाकत होती. दाराबाहेरच्या रस्त्यावरनं जाणारे सगळे थांबले.

"सणाची घे, धाकल्या," निकानोर म्हणाला आणि पेला भरून पुढं केला.

ओतिलिया माझ्या कानाशी पुटपुटली, "आता फेकनार बग तोंडावर. फेक, एलिसेओ. फेक."

एलिसेओनं पेला घेतला. रीतीप्रमाणं चार थेंब जमिनीवर सांडले आणि उरलेली पिऊन टाकली. जीभ टाळ्याला लावून चव घेतली.

"गोड झालीया," तो म्हणाला. "वेळंवर तोडल्यावर गोडीच निराळी."

निकानोर उभाच. काहीतरी व्हायचं राहिलंय असा. "राग न्हाई ना आला माझा?" त्यानं विचारलं.

एलिसेओनं पेला त्याच्या हातात परत दिला. "तुझा कशापायी येईल? राग आपल्या मानसाचा येतो. बरं, या आता. उन्हाचं चढ हाय तुमच्या वाटंला."

आमच्यात थोरल्या भावालाही तू म्हणतात. "तुमच्या" हे त्यानं परक्याला म्हणावं तसं म्हटलं. निकानोरनं पेला घेतला. कडेनं थांबलेल्या लोकांकडं बघितलं. बाटलीचं बूच लावायला गेला, ते हातातनं पडलं, घरंगळत गटारीत गेलं. ते तसंच टाकून, बाटलीच्या तोंडावर अंगठा धरून तो आपल्या घराकडं चालू लागला.

एलिसेओ आत आला, चटईवर बसला. ओतिलियानं ताट पुढं ठेवलं. बाहेरचं ऐकण्याच्या नादात तिची भाकरी तव्यावरच राहिली होती. त्यानं घास तोडला, तोंडात घातला आणि थांबला.

"ही भाकरी हाय का टायरीचा तुकडा?"

ओतिलिया तव्यापाशी जिथल्या तिथं थांबली.

"न्हाई, मी इचारतो, सणाचा दिवस, आन् नवऱ्याला कोळसा खायला घालतीस? ध्यान कुठं असतं गं तुझं? दगुड वेचून येतो मी दिसभर, घरात पन दगुडच का?" आवाज चढत चालला होता. गळ्याची शीर फुगली होती. भाकरी उडून कोपऱ्यात पडली.

"खायची तर खा, न्हाई तर उपाशी मर!" ओतिलिया त्याच्या वरच्या पट्टीत ओरडली. "येवढी नाजूक जीभ हाय तर ये, बस तव्यापाशी! भाज तूच!" ती नवऱ्याकडं पाठ करून उभी होती. तिचं तोंड फक्त मला दिसत होतं, आणि ते मी कुणाला सांगत नाही.

मी हळूच उठले आणि घरी आले. भांडण थांबायचं नाव घेईना. भाकरीवरनं ते तिच्या आईवर गेलं, आईवरनं त्याच्या हॅटवर, हॅटवरनं पोरीच्या शाळेवर. अंगणात पाट टाकून मी ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं.